विमान जाऊ द्या

बोलता बोलता डोक्यावरून विमान गेलं की आमचा जपानी एक बोट वर करून थांबायचा. तोंड अर्धं उघडं, बोट वर, डोळे समोरच्या माणसावर. विमान लांब गेलं, आवाज विरला, की जिथं तोडलं होतं तिथून पुढचा शब्द. मधलं काही सांडायचं नाही.

आम्ही विश्रांतवाडीकडची, विमानतळाजवळची माणसं विमानावर आवाज चढवून बोलतो. पाळण्यापासूनची सवय. आमच्याकडं फोनवरसुद्धा कुणी हळू बोलत नाही. त्यामुळं पहिल्या दिवशी तो असा थांबला तेव्हा मला वाटलं, याला फिट आली. मी चप्पल शोधायला लागलो, हुंगायला द्यायला. तर हा म्हणतो, "...खोली मला आवडली."

खोली म्हणजे आमच्या गच्चीवरची. वर पत्रा, शेजारी पाण्याची टाकी. ती बघायला येणारा प्रत्येक जण विमान गेलं की कपाळाला आठ्या घालायचा आणि भाडं कमी करा म्हणायचा. हा एकटा असा की गच्चीत उभा राहून विमानाची वाट बघत राहिला. एक लढाऊ विमान गेलं, पत्रा थरथरला, टाकीचं झाकण वाजलं. याच्या तोंडावर असं समाधान, जसं काय गावाकडची एसटी आली.

आधी तो कोथरूडला राहायचा. चाकणकडच्या एका कारखान्यात माल तपासायला जपानहून आला होता. नोकरी संपली तरी परत गेला नाही. कोथरूडच्याच एका क्लासात पोरांना जपानी शिकवायला लागला. तिथली सोसायटी म्हणे फार शांत. झाडं, बाकडी, दुपारी दोन ते चार बेल वाजवू नये अशी पाटी. याला तिथं झोपच लागेना. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. शेवटी कुणीतरी आमच्या भागाचं नाव सांगितलं. इथं आला आणि पहिल्या दुपारी असा झोपला की आमच्या हिनं दोनदा दार वाजवून बघितलं, जिवंत आहे का.

आता गंमत ऐका. हा माणूस होता लष्करी तळाच्या विरोधातला. साधा नाही, कट्टर. त्याचं गाव ओकिनावाला. ते जपानचं बेट, आणि त्या बेटावर अमेरिकेचे तळ. महायुद्ध संपून लोकांना नातवंडं-पतवंडं झाली, पण ते सैन्य काही गेलं नाही. याच्या गावची निम्मी जमीन कुंपणाच्या आत. लहानपणी शाळेत गुरुजी शिकवता शिकवता विमान आलं की बोट वर करून थांबायचे आणि सगळा वर्ग थांबायचा. तीच ती सवय. मोठा झाल्यावर तो त्या विमानांच्या विरोधात रस्त्यावर बसला, पोलिसांनी हातापायाला धरून उचलला, परत जाऊन बसला. आणि म्हातारपणी त्याला विमानाशिवाय झोप येत नव्हती. मी त्याला म्हणायचो, तुमच्या आंदोलनाला यश आलं तर तुम्ही जागरणानं मराल. तो यावर मान हलवायचा. कबूल असल्यासारखी.

त्याचं आणखी एक होतं. त्याचा भाऊ तिकडून टपालानं मांसाचे डबे पाठवायचा. तळाच्या सैनिकांमुळंच त्या बेटावर आलेला तो प्रकार. एकदा मी गच्चीत गेलो तर हा डबा फोडून, मांसाचे काप करून तव्यावर परतत होता. मी नुसता बघत उभा राहिलो. तो म्हणाला, शत्रूचं आहे, पण चवीला बरं आहे. हिनं त्याला त्यासाठी वेगळा तवा देऊन टाकला होता आणि वर ताकीद, हा तवा जिना उतरून खाली यायचा नाही.

मराठी तो हिच्याकडूनच शिकला. मी दिवसभर बाहेर, आणि घरी असलो तरी माझ्याकडून कुणी काही शिकावं असं नाही. मी चौथी पास. ही अंगणात भाजी निवडायची आणि तो पायरीवर बसून एकेक शब्द उचलायचा. त्याचा परिणाम असा झाला की तो हिच्यासारखंच बोलायला लागला. शब्द हिचे, हेल हिचा. ही मला 'अहो' म्हणायची, तर तोही मला 'अहो' म्हणायला लागला. त्याला वाटलं ते माझं नाव आहे. भर गल्लीत, दूधवाल्यासमोर, गच्चीतून हाक यायची, "अहो, टाकी भरली बघा." दूधवाला मान खाली घालून हसायचा. मी त्याला पुष्कळ समजावलं की बाबा, हे बायकोनं म्हणायचं असतं. तो हिच्याकडं बघायचा. ही म्हणायची, राहू द्या की, तेवढंच दोघं मिळून हाक मारू, एकाचं तर ऐकाल.

ही त्याला भाऊजी म्हणायची. मी पाहुणे म्हणायचो. पाहुणा इतकी वर्षं राहिला की त्याच्या खोलीला दोनदा नवा पत्रा घातला. पण हाक पाहुणे ती पाहुणेच.

आणि कारलं. त्याच्या बेटावर म्हणे कारल्याशिवाय जेवण नाही. कारलं, अंडं आणि पनीरसारखं काहीतरी एकत्र परतायचं आणि डोळे मिटून खायचं. हिला त्याची दया आली. घरापासून लांब आहे, त्याच्या आवडीचं करावं. मग आठवड्यात दोनदा कारलं. त्याच्या आवडीचं म्हणून केलेलं कारलं माझ्या ताटातही पडायचं, कारण माझ्यासाठी वेगळी भाजी करायला मी काही घरापासून लांब नव्हतो.

गच्चीत आमचे वाद व्हायचे. मी लष्कराच्या डेपोत हेल्पर म्हणून लागलो आणि स्टोअरमधून निवृत्त झालो. घर, पोरीचं लग्न, सगळं त्या डेपोवर. माझे आजोबा तर गोऱ्यांच्या वेळी छावणीत दूध घालायचे. त्यामुळं लष्कराबद्दल कुणी वाकडं बोललं तर मला चालायचं नाही. मी त्याला म्हणायचो, छावणी आली की बाजार येतो, रस्ता येतो, दिवे येतात. तुमची जमीन घेतली, तर भाडं देतात ना? तळावर पोरांना कामं लागली ना? शेजारी चीन बसलाय, उद्या तो आला तर तुम्ही काय कारलं फेकून मारणार?

तो शांतपणे ऐकायचा आणि म्हणायचा, "माझा भाऊ हेच बोलतो. हेच शब्द. तुम्ही त्याला फोन केला होता का?"

भाऊ तळावरच्या भटारखान्यात कामाला होता आणि धावपट्टीखाली गेलेल्या जमिनीचं भाडं घेत होता. हा घेत नव्हता. तो म्हणायचा, भाऊ खोटं बोलत नाही. पोट भरतं, हे खरं आहे. पण दारू पिऊन सैनिक गावात धिंगाणा घालतो, शाळेवर विमानाचा भाग पडतो, आणि जाब विचारायला गेलं तर आपल्याच गावात आपण परके. यावरून दोघं भाऊ एका ताटात जेवायचे बंद झाले. मग हा देश सोडून आला आणि माझ्याशी तेच भांडण चालू ठेवलं. भाऊ बदलला, भांडण तेच.

मी एकदा म्हणालो, सैनिक तो सैनिक, आपला काय आणि परका काय. तेव्हा मात्र तो चिडला. म्हणाला, "अहो, तुमचे गोरे गेले. म्हणून तुम्ही असं बोलता. आमचे गेलेच नाहीत."

नेमकं तेव्हा विमान आलं नाही. नाहीतर तेवढ्यात मला काहीतरी उत्तर सुचलं असतं.

महिन्यातल्या एका रविवारी तो आमच्या ओट्यावर निषेधाला बसायचा. एकटाच. तिकडं त्याचे सोबती बसायचे म्हणून त्याच दिवशी हाही इकडं. त्याला फलक हवा होता. हिनं आपलं जुनं सुती पातळ काढलं, अबोली रंगाचं, हिरव्या काठाचं. अर्धं फाडून त्याला शिवून दिलं. अर्धं गोधडीत घातलं. त्यानं वर जपानीत लिहिलं. खाली मराठीत काय लिहू, म्हणून हिला विचारायला आला. त्याला 'परकीय लष्करी तळ हटवा' असं लिहायचं होतं. ही म्हणाली, तुम्हाला काय पायजे ते सरळ लिवा की. मग त्यानं तिला आईचं सांगितलं.

त्याची आई कुंपणाच्या आत होती. म्हणजे तिची कबर. त्यांच्याकडच्या कबरी कासवाच्या पाठीसारख्या, खोलीएवढ्या मोठ्या, सगळं घराणं एकाच ठिकाणी. वसंतात एक दिवस सगळं कुटुंब डबे घेऊन तिथं जातं आणि कबरीसमोर बसून जेवतं. मेलेल्यांना वाढायचं, मग आपण खायचं. तळावाले त्या दिवसापुरता पास देतात. फाटकावर उभं राहायचं, कागद दाखवायचा, सैनिक डब्यात बघणार, मग आत. भाऊ दरवर्षी जायचा. आणि दरवर्षी याला फोन करायचा, ये. याचं एकच उत्तर, आईला भेटायला मी परक्या शिपायाची परवानगी घेणार नाही. कुंपण जाईल त्या दिवशी येईन.

मग हिनं सांगितलं आणि त्यानं लिहिलं : मला माझ्या आईच्या कबरीपाशी जाऊ द्या. कुणाला न विचारता.

आता विश्रांतवाडीत ओट्यावर एक म्हातारा असा फलक धरून बसला तर काय होणार? लोकांना वाटलं, याच्या आईला आपल्याच डेपोत पुरलंय. बायका येऊन त्याच्याशेजारी बसायला लागल्या. एकीनं केळी आणून दिली. एक पुढारी थांबला आणि म्हणाला, आजोबा, कुठलं कबरस्तान सांगा, मी आत्ता फोन करतो. शेवटी चौकीवरून हवालदार आला. फलक वाचला, टोपी काढून घाम पुसला.

"कोणाच्या विरोधात बसलाय?"

"अमेरिकेच्या."

"अमेरिका कुठाय इथं?"

"इथं नाही. जपानला."

"मग इथं का बसलाय?"

"इथं राहतो."

हवालदारानं माझ्याकडं बघितलं. मी आकाशाकडं बघितलं. हिनं चहा आणला. जाताना हवालदार एवढंच म्हणाला, आजोबा, दुपारचं सावलीत बसत जा, निषेध काय, सावलीतही होतो.

आमच्याकडंही एक कुंपण आहेच. आमच्या भावकीचा म्हसोबा डेपोच्या भिंतीआत आहे. भिंत गोऱ्यांनी घातली. गोरे गेले, भिंत राहिली. चैत्रात एक दिवस फाटक उघडतात. डेपोनं दिलेलं फोटोचं कार्ड दाखवायचं, आत जायचं, दहीभात आणि पुरणपोळीचा नैवेद्य ठेवायचा, परत यायचं. ही कधी चुकली नाही. एका वर्षी पाहुणेही सोबत आले. परदेशी माणसाला आत सोडत नाहीत, म्हणून ते फाटकाबाहेर आमच्या चपला राखत थांबले. आम्ही बाहेर आलो तर यांचा चेहरा लाल. हिला म्हणाले, स्वतःच्या देवाला भेटायला रांग लावता, तुम्हाला राग येत नाही?

ही पदरानं कपाळ पुसत म्हणाली, "येतो की. पण तो आत उपाशी बसलाय, भाऊजी. मी भाईर रुसून बसले तर कुणाचं पोट भरंल?"

त्यानं आमच्या चपला पुढं सरकवल्या. त्या वर्षीही भावाचा फोन आला, त्या वर्षीही हा गेला नाही.

गेल्या दिवाळीनंतर ही गेली. छातीत दुखतंय म्हणाली, पाणी मागितलं, मी पाणी घेऊन आलो तोवर संपलं होतं. पाहुणेरावळे आले, रडले, जेवले, गेले. वारज्याला दिलेली मुलगी महिनाभर राहिली. बाबा, चला माझ्याकडं, म्हणाली. मी नाही म्हणालो. ती परत गेली त्या सकाळी घर असं गप्प झालं की मी आपला पलंगावर बसून भिंतीकडं बघत होतो. तेवढ्यात जिन्यातून हाक आली, "अहो, चहा घेता का?"

हेल तोच. मी उठून उभा राहिलो. दारात जपानी, हातात दोन कप.

मला त्याला हाकलून द्यावंसं वाटलं. आणि असंही वाटलं, याला आता ही सवय मोडायला कुणी सांगू नये. चहा भयंकर झाला होता.

चैत्र आला. मी ठरवलं होतं, म्हसोबाला जायचं नाही. ते हिचं काम. तर जत्रेच्या सकाळी हा गच्चीवरून डबा घेऊन उतरला. स्वतः रांधलेला. दहीभाताचे गोळे झालेले, जपान्याच्या हातचा भात तो. पुरणपोळी त्याला जमली नव्हती म्हणून तिच्या जागी कारल्याचे तळलेले काप. मी म्हणालो, अहो पाहुणे, देव आहे, भाडेकरू नाही. तो म्हणाला, वहिनी नाही, देव उपाशी आहे, चला.

फाटकावर नवा जवान होता. कोवळा, मिशी नुकती आलेली. कार्ड मागितलं. मी म्हणालो, कसलं कार्ड, मैंने इधर उमर निकाली है. तो नम्रपणे म्हणाला, बाबा, नियम है. मी खिसे चाचपले. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, कार्ड कुठं असतं तेच मला माहीत नाही. इतकी वर्षं आम्हा दोघांची कार्डं हिच्या पिशवीत असायची. ती पुढं होऊन दाखवायची आणि मी मागून छाती काढून चालायचो. मला वाटायचं, मी ओळखीवर आत जातो.

माझा तोल गेला. काय काय बोललो, ते इथं लिहीत नाही. मागची रांग बघत होती. ज्या फाटकातून मी जन्मभर आत-बाहेर केलं त्या फाटकावर मला बाजूला उभं केलं होतं. मी जवळच्या दगडावर जाऊन बसलो. म्हटलं, गेला तुमचा म्हसोबा, मला नाही यायचं.

पाहुण्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता हा म्हणेल, कळलं का? इतक्या वर्षांच्या वादात जिंकायची ही एकच संधी त्याला मिळाली होती. त्यानं ती सोडून दिली. म्हणाला, "अहो, तो आत उपाशी बसलाय. तुम्ही भाईर रुसून बसले तर कुणाचं पोट भरंल?"

आणि दुखऱ्या गुडघ्यांनी रिक्षा पकडून घरी गेला. परत आला तो हिची आख्खी पिशवीच घेऊन. ती दारामागच्या खिळ्याला होती. ही गेल्यापासून मी त्या पिशवीला हात लावला नव्हता. आत दोन कार्डं, रबर लावलेली. मी दोन्ही पुढं केली. जवानानं हिचा फोटो बघितला, मग माझ्या मागं बघितलं. माताजी? मी म्हणालो, नहीं रही. त्यानं तिचं कार्ड दोन्ही हातांनी परत दिलं.

म्हसोबानं त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा कारलं खाल्लं. मी म्हटलं, देवा, मी इतकी वर्षं खाल्लं, आता तुझी पाळी.

बाहेर आलो तर पाहुणे माझ्या चपलांपाशी उभे. मी म्हणालो, "तुमची आई किती वर्षं उपाशी बसलीय हो?"

तो तोंड उघडून थांबला. मी वर बघितलं. विमान नव्हतं.

पंधरा दिवसांत तो आपल्या बेटाकडं निघाला. जाताना फलकाची घडी पिशवीत घालत होता. मी म्हटलं, हे घेऊन तुम्हाला कोण आत सोडतंय? तो म्हणाला, आमच्याकडं जेवणाचा डबा फडक्यात बांधायची पद्धत आहे.

कबरीपाशी जायच्या दिवशी त्याचा फोन आला. नुसता आवाज. कॅमेरा लावायला बंदी आहे म्हणाला. फाटकावर शिपायानं डबा उघडून आत बघितलं, फडक्याकडं बघितलं नाही. आत गेल्यावर यानं फडकं सोडून कबरीपुढं अंथरलं, अक्षरं वरच्या अंगाला. भावानं ती वाचली. त्याच्यावरच वाट्या मांडल्या आणि म्हणाला, कारल्याचं तेल सांडलं तर डाग पडेल. एवढंच. मग आईला वाढलं, आणि दोघं किती वर्षांनी एका ठिकाणी जेवायला बसले.

मी विचारलं, मग आता राग गेला म्हणायचा?

तो म्हणाला, "अहो, मी आत आलो म्हणून..." आणि फोनमध्ये विमान गडगडलं. मी इकडं पलंगावर बसून थांबलो. माझंही बोट वर गेलं होतं, ते नंतर लक्षात आलं. आवाज विरला. "...राग बाहेर ठेवून आलेलो नाही. सोबत आणलाय. पुढच्या वर्षीही आणीन."

तो आता तिकडंच आहे, भावापाशी. दोघांचे गुडघे गेलेत आणि भांडण चालू आहे. गच्चीवरची खोली मी कुणाला दिलेली नाही. बघायला येतात, विमान गेलं की आठ्या घालतात, मीच नाही म्हणून सांगतो. कारलं मात्र मी आठवड्यातून एकदा आणतो. का, ते विचारू नका.

आमची ही जन्मात जेजुरीच्या पुढं गेली नाही. विमानं डोक्यावरून रोज बघितली, पण बसली एकातही नाही. तिचं अर्धं पातळ माझ्या गोधडीत आहे. आणि अर्धं समुद्र ओलांडून परक्या लष्कराच्या कुंपणाच्या आत जाऊन बसलं, कार्ड न दाखवता, कुणाला न विचारता.